पोवळ्यातल्या किड्यांच्या बाजूने

देसलेबाईंच्या शोकसभेत आमच्या संस्थेचे सचिव बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "कैलासवासी प्रमिलाताई म्हणजे अत्यंत शांत, सोज्वळ आणि मितभाषी व्यक्तिमत्त्व. त्यांनी आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मासळीच्या क्षेत्रात त्यांचं मोलाचं योगदान होतं."

मी ताडकन उठणार होतो. शेजारी बसलेल्या ग्रंथपालांनी माझं मनगट घट्ट धरलं, म्हणून बसून राहिलो. समोर हार घातलेला बाईंचा फोटो होता. फोटोसुद्धा असा शोधून काढलेला, की त्यात त्या चक्क गोड हसत होत्या.

शांत म्हणे! पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत देसलेबाई रागावल्या की खाली सायकल स्टँडवर ऐकू यायचं. मितभाषी म्हणे! आणि मन दुखावण्याचं म्हणाल, तर या सचिवांचंच मन त्यांनी भर सभेत असं काही दुखावलं होतं, की त्यापायी बाईंची बदली झाली आणि आयुष्यभराचं काम नाल्यात गेलं. ते ज्यांच्या हुकमाने गेलं तेच गृहस्थ आता रुमालाने डोळे टिपत होते. जिवंतपणी बाईंची प्रयोगशाळा काढून घेतली, आणि मेल्यावर त्यांचा रागही काढून घेतला. प्रयोगशाळेचं मी काही करू शकत नाही. राग तेवढा त्यांचा त्यांना परत मिळावा, म्हणून हे लिहायला बसलो.

शहापुरातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि बाई प्राणिशास्त्र. त्या मूळच्या शेणव्याच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सुती साडी, साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. नवीन आलेल्या मुलांना तो ताईत वाटायचा. मला त्या 'कवी' म्हणायच्या. मी जन्मात कवितेची एक ओळ लिहिलेली नाही. तसं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, तर म्हणाल्या, "मराठी शिकवता ना? मग असेलच एखादी दडवलेली."

त्यांचा अभ्यासाचा विषय ऐकून लोक आधी हसायचे आणि मग तोंड वाकडं करायचे. प्रवाळांच्या, म्हणजे पोवळ्यांच्या बेटांभोवती जे मासे राहतात, त्यांच्या अंगावर, कल्ल्यांत, तोंडात आणि आतड्यांत जगणारे किडे. शहापूर-मुरबाडला डोंगर आहेत, धरणं आहेत, भातखाचरं आहेत. समुद्र नाही. प्राचार्य एकदा म्हणाले, "बाई, आपल्या धरणातल्या माशांचं काहीतरी करा की. उपयोगी पडेल." बाई म्हणाल्या, "तेही करते. पण उपयोग कुणाला, ते आधी ठरवा."

दिवाळीची सुट्टी लागली की त्या कोचीला जायच्या आणि तिथून बोटीने लक्षद्वीपला. तिथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने त्यांना सामावून घेतलं होतं, कारण माशाचा कल्ला उघडून त्यातला किडा जिवंत, अख्खा सोडवून काढायला त्यांच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. परत यायच्या तेव्हा उन्हाने रापून तव्यासारख्या झालेल्या असायच्या आणि पिशवीत फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या किड्यांच्या लहान-लहान बरण्या असायच्या. फराळ आम्ही द्यायचा, त्या बरण्या दाखवायच्या.

"कवी, पोवळं ठाऊक आहे ना? अंगठीतलं नव्हे, जिवंत," एका दुपारी त्या म्हणाल्या. चहा समोर गार होत होता. चहा त्यांनी कधी पुरा प्यायलेला मी पाहिला नाही. "पोवळं म्हणजे इवल्या जिवांची दाट वस्ती. धोका दिसला की जो तो आपल्या घरात आत ओढला जातो. आता एक चपटा कृमी त्यातल्या काहींच्या अंगात शिरतो. ते सुजतात, गुलाबी होतात, त्यांना आत जाता येत नाही. फुलपाखरू मासा येतो आणि नेमके ते गुलाबी दाणे टिपतो. आयतं खाणं! कृमीला माशाच्या पोटातच जायचं असतं, वाढायला. आणि जिथला दुखरा दाणा गेला, तिथे पोवळं नवा दाणा उगवतं. सांगा, कोण कुणाचं खातंय?"

मी म्हणालो, "सगळेच सगळ्यांचं."

"पास," बाई म्हणाल्या.

पण त्या किड्यांना उगाच गोंजारायच्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. "किडा काही गोड नसतो. माशाला त्रास होतो, कधी मासा मरतोही. मी फक्त एवढंच म्हणते, नावं ठेवायच्या आधी बघा तरी." हे 'बघा तरी' त्यांच्या तोंडात सारखं असायचं. वर्गात, स्टाफरूममध्ये, बाजारात.

बाजारात तर फारच. शहापूरच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. हौसाबाई नावाच्या मासेवालीकडे वाकट्या आल्या होत्या, पट्टीसारख्या लांब आणि चंदेरी. बाईंनी एकेकीचा जबडा उघडून आत भिंग रोखायला सुरुवात केली.

"ओ बाई," हौसाबाई ओरडली, "मासं घ्यायचं का त्यांचं दात बगायचं?"

तेवढ्यात बाईंना हवं ते सापडलं. एका वाकटीच्या जिभेवर पांढरा किडा ठाण मांडून बसला होता. आनंदाने त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. दोन गिऱ्हाइकं तिथल्या तिथे मागे सरकली.

"घातलीस माझ्या धंद्यावर माती! आता ही कोन घेनार गो?"

"मी घेते. आणि अशी आणखी सापडली तर माझ्यासाठी ठेव."

"किड्याची वाकटी?"

"किड्यासकट."

तेव्हापासून हौसाबाई किडकी वाकटी निघाली की बाजूला ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायची, "ही नाय मिळायची. ही कॉलेजच्या बाईंची."

शिकवायची त्यांची पद्धत मी लांबून पाहायचो. एकदा कबड्डीच्या मैदानावर त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गोल उभं केलं. कुणी हेकरू मासा, कुणी पोवळं, कुणी गोगलगाय, कुणी माशांच्या अंगावरचे किडे टिपून खाणारा सफाई मासा. गॅदरिंगच्या मांडवाची उरलेली सुतळी आणली होती. जो ज्याला खातो, त्याच्याशी सुतळीने जोडायचं. थोड्याच दोऱ्या लागल्या. "झालं समुद्राचं जाळं?" बाईंनी विचारलं. मुलं हो म्हणाली.

"आता किडे आत या."

किडा व्हायला कुणी तयार होईना. शेवटी जनी नावाची मुलगी पुढे आली. उंबरमाळीच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, कॉलेजच्या आदिवासी वसतिगृहात राहणारी. वर्गात ती हजेरीपलीकडे बोलायची नाही. म्हणाली, "मी होते."

बाईंनी तिला खसखशीएवढा रक्तपिता किडा केलं. तो हेकरूचं रक्त पितो, म्हणून एक दोरी हेकरूकडे. त्याला सफाई मासा खातो, दुसरी दोरी तिकडे. रक्त पिऊन टम्म झालेला तो खाली पडला की पोवळंसुद्धा त्याला पकडून खातं, तिसरी दोरी. पाण्यात तरंगताना लहान मासे गिळतात, आणखी दोऱ्या. बघता बघता जनीच्या दोन्ही मुठी भरल्या.

"जनी, सोड सगळ्या."

तिने मुठी उघडल्या. मैदानभर ताणलेलं जाळं ढिलं पडलं. पोवळं झालेला मुलगा हातातल्या लोंबत्या सुतळीकडे बघत राहिला. बाईंनी काहीही समजावून सांगितलं नाही. "गुंडाळा आणि वर्गात चला," एवढंच म्हणाल्या.

आता त्या सभेचं सांगतो.

वसतिगृहाची इमारत कॉलेजच्या आवारातच होती. बाहेरगावच्या, जास्त फी भरू शकणाऱ्या मुलांसाठी ती रिकामी करून घ्यावी असं संस्थेच्या मनात आलं. त्यासाठी शिक्षकांची सभा बोलावली. सचिव गोड आवाजात बरंच बोलले, आणि मग म्हणाले, "शेवटी ही बांडगुळं आपण किती दिवस पोसायची? झाडाचा रस प्यायचा आणि झाडाला काही द्यायचं नाही."

काही जण हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि अजून तितकाच संताप येतो. एम.ए., पीएच.डी. झालेली माणसं, ज्यांच्या वर्गात तीच मुलं पहिल्या बाकावर बसायची.

देसलेबाई उभ्या राहिल्या.

"कोनाला म्हनालात?"

बाईंची कॉलेजची मराठी राग आला की गळून पडायची आणि शेणव्याची वर यायची. ती वर आली की आम्ही ओळखायचो.

"बाई, बसा. ती बोलायची एक पद्धत आहे."

"तुमची पद्धत मी ऐकली. आता माझी ऐका. पयली गोष्ट, ती पोरं मानसं हायत. त्यांचे बाप डोंगरावर नाचनी पिकवतात, आनि त्यांच्याच डोंगरातलं पानी नळाने तुमच्या घरात येतं. दुसरी गोष्ट, बांडगूळ. आमच्या आंब्यावर बांडगूळ हाय. त्याला फुलं आली की नखाएवढे पक्षी येतात, त्याचीच फळं खाऊन जगतात. तुमी कदी मान वर करून बगितलंय?"

"हा जीवशास्त्राचा तास नाही."

"तुमीच काढलात विषय! तुमच्या दिवानखान्यात काचेच्या पेटीत रंगीत मासे हायत ना? ते ज्या पोवळ्यातून येतात, तिथं रक्तपिता किडा हाय म्हनून सफाई मासा जगतो. सफाई मासा हाय म्हनून मोठा मासा त्या पोवळ्याशी येतो. किडा मोठ्याचं रक्त घेतो आनि खाली पडतो, ते पोवळ्याच्या पोटात जातं. वरचं खाली येतं. तुमच्याकडून खाली काय येतं, सांगा की! मानसाला किड्याची उपमा देऊ नका, आनि किड्याच्या नावाची शिवी करू नका. तुमाला दोघांचीबी माहिती नाय."

प्राचार्यांनी घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बाईंकडे नव्हे, सचिवांकडे.

सचिव शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हाला विश्रांतीची गरज दिसते."

बाईंनी विश्रांती घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी त्या पाड्या-पाड्यांवर गेल्या. आईबापांना गोळा करून सरकारी कचेरीत नेऊन बसवलं. त्यांच्यात जनीची आई होती. तिने साहेबांना विचारलं, "पोरीला शिकवायचं का नाय, तेवडं सांगा. मंग आमी जातो." साहेब स्वतः पाहणीला आले. इमारत सरकारने वसतिगृहासाठीच दिलेली होती, तिचा दुसरा वापर करता येणार नाही, असं त्यांनी सचिवांच्या तोंडावर सांगितलं. वसतिगृह राहिलं. आजही आहे.

त्याची किंमत बाईंकडून वसूल झाली. वर्ष संपायच्या आत, ऐन परीक्षांच्या तोंडावर, त्यांची बदली संस्थेच्या मुरबाडच्या शाखेत झाली. आणि लागून आलेल्या सुट्टीत, कुणाला न विचारता, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीची 'साफसफाई' झाली. तिथे संगणक कक्ष करायचा होता म्हणे. बाईंच्या सगळ्या बरण्या त्या खोलीत होत्या. लक्षद्वीपच्या इतक्या दिवाळ्या. त्या मागच्या नाल्यात ओतल्या आणि काचा तिथेच फेकल्या.

सुट्टी संपल्यावर मी कॉलेजात पोचलो तेव्हा बाई नाल्यात उतरलेल्या होत्या. कॅनव्हासचे बूट चिखलात. एक फुटकी बरणी त्यांनी उचलली, नाकाशी नेली, आणि एकदम माझ्याकडे वळल्या.

"कवी, हे फॉर्मलिन हाय. विष हाय. खाली कोन पानी घेतं?"

नाला खालच्या वाडीच्या शेतांकडे जातो. तिथे भात निघाल्यावर वाल आणि भाज्या करतात, म्हशी त्याच पाण्यावर येतात. मला वाटलं होतं बाई आता काचा गोळा करतील. त्या काठावर चढल्या आणि शेतांच्या दिशेने सुटल्या. मी मागून. बांधाबांधावरून त्या ओरडत होत्या, "म्हशी वर काढा! पानी पाजू नका!"

थोड्या वेळाने वाडीतली माणसं कॉलेजच्या फाटकाशी जमली. पुढे बाई. सचिवांची गाडी आली. ते उतरून म्हणाले, "किड्यांचं पाणी आहे हो. एवढं काय त्यात?"

बाईंनी हातातली फुटकी बरणी त्यांच्यासमोर धरली. "मग घ्या वास."

ते मागे सरले. वाडीतला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "आमच्या म्हशीनं प्यायचं, आनि तुमी वास बी नाय घेनार व्हय?"

त्या दिवशी नाल्याला बांध घातला गेला, टँकर आला, चिखल उपसला गेला. जनावरं वाचली. बाईंना हवं होतं ते झालं. पण साऱ्या दिवसात बरण्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, त्यांनीही नाही. पुढे चौकशी झाली नाही, कुणी माफी मागितली नाही. आम्ही काही जणांनी निवेदन दिलं, त्याला उत्तर आलं नाही. वर्तमानपत्रात एक बातमी आली, तीही कॉलेजच्या नव्या संगणक कक्षाच्या उद्घाटनाची.

मुरबाडला रुजू व्हायच्या आदल्या दिवशी बाई आपलं सामान न्यायला आल्या. सामान ते काय, एक सूक्ष्मदर्शक आणि एक छत्री. मला राहवेना. म्हटलं, "बाई, तुमचं इतकं काम गेलं, आणि तुम्ही त्याबद्दल काहीच..."

"एक किडा होता त्यात," त्या म्हणाल्या. "पोपटमाशाच्या कल्ल्यातला. त्याला अजून नाव नव्हतं. मला कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता." मग गळ्यातलं भिंग पदराने पुसायला लागल्या आणि पुसतच राहिल्या. देसलेबाईंना गप्प झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

मुरबाडच्या शाखेत त्यांना जिन्याखालची अडगळीची खोली मिळाली. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिथल्या प्राचार्यांशी खिडकीवरून भांडण केलं आणि भिंतीत खिडकी पाडून घेतली. दुसऱ्या दिवाळीला खोलीत पुन्हा बरण्या दिसू लागल्या. जनी इकडे शहापुरातून पदवीधर झाली, पुढे प्राणिशास्त्रातच एम.एस्सी. करायला गेली. पेढे द्यायला मुरबाडला गेली, तर बाईंनी तिला आधी कुठल्याशा चुकलेल्या आकृतीवरून झापलं आणि मग पेढा खाल्ला, असं तिनेच मला हसत सांगितलं.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना, भर उन्हाळ्यात, मेंदूत रक्तस्राव होऊन बाई गेल्या. ताप नाही, आजार नाही, कुणाला निरोप नाही.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी पेपर तपासणीसाठी मुरबाडला गेलो होतो. परत निघालो, तर एसटी स्टँडवर कल्याणच्या गाडीच्या दाराशी गर्दी. मध्ये देसलेबाई. पाठीमागे मुरबाडच्या पाच-सहा मुली, पाठीवर सॅक, हातात बादल्या, जाळ्या आणि पाण्याखाली घालायचे चष्मे. त्यातल्या एकीनेही समुद्र पाहिलेला नव्हता. बाई त्यांना पोवळ्याच्या बेटांवर घेऊन निघाल्या होत्या. परवानग्या मिळवायला सबंध वर्ष भांडल्या होत्या.

"माल नाय चालनार, बाई," कंडक्टर सांगत होता. "पॅसेंजरला बसायला जागा नाय."

"हा माल दिसतो तुला? अभ्यास हाय हा. पोरी अभ्यासाला निघाल्यात!"

"बादलीत कसला अभ्यास?"

"चढू दे, मंग सांगते."

मागून माणसं ओरडायला लागली. कंडक्टर वैतागून बाजूला झाला. मुली चढल्या, बादल्या चढल्या, जाळी एका आजोबांच्या टोपीत अडकली ती सोडवली गेली. बाईंनी मला पाहिलं. "कवी! येता का?"

मी हातातला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला आणि आत गेल्या.

गाडी सुटायला वेळ होता. मी खिडकीपाशी उभा राहिलो. एका मुलीला गाडी लागते म्हणून बाईंनी स्वतःची खिडकीची जागा तिला दिली होती आणि त्या मधल्या वाटेत उभ्या होत्या, एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातात बादली. कंडक्टर तिकिटं काढत काढत त्यांच्यापर्यंत आला. बाईंनी बादली त्याच्यापुढे धरली आणि रिकाम्या बुडाकडे बोट करून बोलायला लागल्या. काय ते मला काचेतून ऐकू आलं नाही. त्याने आधी मान झटकली. मग काहीतरी विचारलं. मग वाकून बादलीत पाहिलं. गाडी हलली, स्टँडच्या बाहेर पडली, तरी तो तिकिटाचं मशीन हातात तसंच धरून त्यांचं ऐकत उभा होता.